पाठुंगळीचा डाव

११ मार्च

खानावळीतली दुपारची गर्दी ओसरल्यावर नगर कचेरीचे मुनसाहेब आले. एरवी वाडगं पुढ्यात आलं की मान वर करत नाहीत. आज चमचा नुसता ढवळत बसले होते. तेव्हाच ओळखलं, स्वारी काहीतरी मागायला आली आहे.

"मावशी, यंगरानबाईंचा पुतळा उभा राहतोय. बंदरावर, मासळी बाजाराच्या समोर."

"राहू दे की. माझी जागा थोडीच जातेय."

"पुतळा त्या डावाचा आहे. पाठुंगळीचा."

तो डाव अख्ख्या कोरियाला पाठ आहे. ऑलिंपिकमधली ज्युदोची अंतिम लढत, शेवटचं मिनिट. यंगरान त्या परदेशी बाईच्या पोटाखाली घुसते, आणि लेकराला पाठुंगळी घ्यावं तशी तिला पाठीवर घेऊन उलटी आपटते. दर चार वर्षांनी टीव्हीवाले ते पुन्हा दाखवतात. आमच्या दालपोतली पोरं तर चालायच्या आधी ते बघतात.

"तर प्रश्न वरच्या बाईचा आहे," मुनसाहेब म्हणाले. "तिच्याकडून कळवलंय, माझा चेहरा, माझं शरीर काही वापरायचं नाही. आता शिल्पकार म्हणतात, कुणीतरी जिवंत माणूस पाहिजे, त्या अवस्थेत. आणि सरावाच्या वेळी तुम्हीच यंगरानबाईंच्या... म्हणजे तुम्हीच रोज..."

"पडत होते," मी म्हटलं.

"चेहरा तुमचा नसेल हो मावशी! नुसतं शरीर."

आपण माझा मान राखतोय असं त्यांना वाटत होतं. मी त्यांच्यासमोरचं वाडगं उचललं. अर्धं भरलेलं होतं.

१२ मार्च

झोप झाली नाही. मान दुखतेय. ही मान त्याच वर्षांची कमाई.

आम्ही दोघी एकाच शाळेच्या, एकाच मॅटवरच्या, एकाच वजनगटातल्या. मी वर्षाने मोठी, म्हणून ती मला ओन्नी, म्हणजे ताई, म्हणायची, आणि ओन्नी म्हणता म्हणता आपटायची. ऑलिंपिकच्या निवड चाचणीत मात्र तिला काही सुधरलं नाही. पूर्ण वेळ झाला, गुण दोघींना नाहीत. तीन पंच. दोन झेंडे तिच्या बाजूने उठले, एक माझ्या. तो मधला पंच झेंडा उचलण्याआधी क्षणभर माझ्याकडे बघत होता. तीस वर्षं झाली, तो काय बघत होता ते मला कळलेलं नाही.

मग प्रशिक्षक म्हणाले, ओकही, शिबिरात राहा, देशासाठी राहा. त्या परदेशी बाईचा डावा हात चालायचा. म्हणून मी उजव्या हाताची असून डावरी झाले. डाव्या हाताने धरायला शिकले, जेवायला शिकले, आणि मग रोज सकाळ-संध्याकाळ डाव्या हाताने धरून उलटी पडायला शिकले. अजून सुपाची पळी मी डाव्याच हाताने धरते. गिऱ्हाइकांना वाटतं जन्मजात आहे.

ती जिंकली तेव्हा मी प्रेक्षकांतसुद्धा नव्हते. सरावाच्या मुलींना विमानाचं तिकीट नसतं.

१९ मार्च

हो म्हणून आले.

दासोम चिडली. "आई, अख्खं गाव रोज तुझ्या अंगावरून चालत जाणार आहे, आणि तू त्यांना हो म्हणालीस?"

"अंगावरून नाही. मी वर असणार, ती खाली."

"विनोद करू नकोस."

मुलगी माझी असली तरी तिला सगळं सांगता येत नाही. मला यंगरानला जवळून बघायचंय. सत्काराच्या मांडवातून नाही, जवळून. एवढं सगळं मिळालेलं माणूस या वयात कसं दिसतं, ते मला बघायचंय. आणि जमलं तर दोन शब्द तोंडावर सुनवायचेत.

२ एप्रिल

आली.

बसमधून उतरली तेव्हा बंदरावर माणसांची भिंत उभी होती. महापौरांनी हार घातला. शाळेच्या पोरांनी घोषणा दिल्या. बर्फवाल्या दुकानाच्या म्हाताऱ्याने तिचा हात धरून स्वतःच्या गालाला लावला आणि रडला. चेरी फुललेली, ऊन चांगलं कडक. तरी बाईच्या डोक्यावर लोकरीची टोपी. शहरातल्या फॅशनी. वाळलीही बरीच आहे. सोलच्या बायका वाळण्यासाठी पैसे मोजतात म्हणे.

गर्दीतून तिने मला बरोबर हेरलं. "ओन्नी!"

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. कोण बुवा ही, असं.

मग सगळी वरात माझ्या खानावळीत. मी तिच्या वाडग्यात मांसाचे चांगले तुकडे निवडून घातले. गावासमोर कोतेपणा नको. तिने नुसतं वरचं सूप प्यायलं. भात चमच्याने इकडचा तिकडे केला. मांसाला हात लावला नाही.

"ओन्नी, अगदी तुझ्या आईच्या हातची चव."

चव कशी कळली हिला, देव जाणे. एवढ्या मेजवान्या झोडल्यावर डुकराच्या हाडांचं सूप कशाला गळ्याखाली उतरेल.

८ एप्रिल

रोज येते. बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरली आहे, आणि दुकान उघडायच्या सुमारास इथे हजर. स्टोव्हजवळचं टेबल तिचं झालंय. अंगात दोन-दोन स्वेटर. निम्मं सूप, भात तसाच. मी विचारलं, "जमत नसेल तर येतेस कशाला?"

"इथे बसायला बरं वाटतं."

बसायला बरं वाटणारच. जो येतो तो तिच्यापुढे वाकतो. आज बोटीवरचा खलाशी दोडाल चार पेले चढवून आला आणि भर दुकानात हटून बसला, "चॅम्पियन, मला एकदा आपटा! नातवंडांना सांगेन!" तिच्या पाठीवर स्वतःच चढायला लागला. माणसं टाळ्या पिटत होती. यंगरान हसत होती, "आज नको काका, आज सुट्टी." तो ऐकेना, गळ्यात हात टाकून लोंबकळला, तशी ती टेबलाची कड घट्ट धरून उभी राहिली आणि हसतच राहिली. शेवटी मीच त्याची कॉलर धरून त्याला बाहेर काढला.

परत आले तर ती बसली होती, कपाळावर घाम. म्हणाली, "तीस वर्षं झाली ओन्नी. लग्नात, देवळात, नवरा सोडून गेला त्या दिवशी कोर्टाच्या पायरीवर... माणसं म्हणतात, एकदा करून दाखवा. मी तेवढं दीड सेकंदच जगले असं वाटतं यांना."

मी म्हटलं, "आमच्या वाट्याला ते दीड सेकंदसुद्धा आले नाहीत."

तिने कपाळ पुसलं आणि कोमट पाणी मागितलं. बरं वाटलं मला. लिहूनच ठेवते, बरं वाटलं.

१५ एप्रिल

पाऊस. गिऱ्हाईक कमी. ती दिवसभर होती. दासोमला लसूण सोलून दिला. दासोमला ती आवडते. पोरीला टीव्हीवर दिसलेलं माणूस आवडतंच. तिच्या नावाने दाएगूला ज्युदोची शाळा निघाली होती, ती का बंद पडली, ते सगळं दासोमला सांगत होती. मालकाला फक्त दारावर तिचा फोटो हवा होता. ती रोज शिकवायला यायची याचाच त्याला त्रास व्हायला लागला. दासोम हळहळली. मी कांदा चिरत होते.

२२ एप्रिल

आज शिल्पकाराकडे गेलो. गिल म्हणून आहे, बुटका, बोलायला कमी. जुन्या बर्फाच्या कारखान्यात त्याने मातीचा ढीग मांडलाय. दोघींना ज्युदोचे पोशाख दिले. किती वर्षांनी अंगावर ते जाड कापड आलं. यंगरानचा पोशाख तिच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा दिसत होता.

मुनसाहेब म्हणाले, "हं, चॅम्पियन, घ्या मावशींना पाठीवर. दोन मिनिटं फक्त. गिलसाहेब फोटो काढतील, मापं घेतील."

मी डाव्या हाताने तिची कॉलर धरली. हाताला आपोआप आठवलं. ती वळली, खाली बसली, माझा दंड खांद्यावर ओढला... आणि तिचे गुडघे गेले. दोघी धाडकन मॅटवर. मी वर, ती खाली, पालथी.

मला हसू फुटलं. आवरेना. तीस वर्षं मी पडत आले आणि आज ती माझ्याखाली तोंडावर पडलेली. मुनसाहेबांचा चेहरा पांढराफटक. मी हसत राहिले. मग खालून तीही हसायला लागली. हसता हसता खोकला लागला तिला, बराच वेळ.

"पुन्हा करू," ती म्हणाली.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. या वेळी उठायला तिला गिलचा हात लागला. टोपी सरकली होती ती तिने घाईने खाली ओढली. गिलने तिच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवून मातीवर फडकं टाकत बसला. मुनसाहेब म्हणाले आता पंचाईत झाली, दुसरी कोणी तरुण मुलगी बोलवावी का.

तेव्हा यंगरानच म्हणाली, "ओन्नी उचलेल. मला वर घे. तुला डाव येतो. माझ्याहून चांगला येतो."

"आणि चेहरा?"

"चेहरा कुणाचाही बसवता येतो. होय ना गिलसाहेब?"

मी वळले, बसले, तिला पाठीवर घेतलं. रोज सुपाची पातेली उचलून माझ्या मांड्या अजून खांबासारख्या आहेत. आणि ती? वाळलेल्या माशाइतकी हलकी. काहीच वजन नाही. गिल म्हणाला, थांबा, असंच. मी थांबले. तिचं डोकं माझ्या मानेपाशी होतं. गिलने हवा तेवढा वेळ घेतला, पाय, पोटऱ्या, खांदे, सगळं. तिचा श्वास माझ्या कानाशी लागत होता, कष्टाचा. एकदा हळूच म्हणाली, "तुझ्या पाठीवर किती ऊब आहे गं."

"चुलीपाशी उभी असते म्हणून," मी म्हटलं.

परत येताना मनात लाडू फुटत होते. पुतळा तिचा, पाय माझे.

३० एप्रिल

दुपारी दुकानात आम्ही दोघीच.

"ओन्नी, वरच्या खोलीत कोण राहतं?"

"कांद्याची पोती."

"खिडकी बंदराकडे आहे ना?"

"खिडकी कुठेही असली तरी वास माशांचाच येतो."

"चालेल मला." पेल्यातलं कोमट पाणी बघत म्हणाली. "थोडे दिवस. जास्त नाही राहणार. स्वयंपाकाचंही माझं फार काही नसतं."

आलं लक्षात. गावाने डोक्यावर घेतलं, आता माझ्या घरात बसून दरबार भरवायचा. येणारे-जाणारे तिच्या पाया पडणार आणि मी वर चहा पोहोचवणार. शिबिरात हेच केलं. तिचे पोशाख धुतले, तिच्या बोटांना पट्ट्या बांधल्या.

"मी लॉज काढलेला नाही यंगरान. बंदरावर मोठं हॉटेल आहे. नगर कचेरी बिल भरेल. चॅम्पियनला नाही म्हणणार कोण?"

"तू म्हणालीस की आत्ता."

ती हसत होती, पण मी हसले नाही. जे तीस वर्षं म्हणायचं होतं ते म्हटलं. "तुला वाटतं तो झेंडा तुझा होता? तो माझा होता. तुझं सगळं आयुष्य माझ्या पाठीवरून गेलंय."

तिने मान हलवली. "माहीत आहे," म्हणाली. वाद घातला असता तर मला पुढे बोलता आलं असतं. तिने वाडगं स्वतः उचलून मोरीत ठेवलं, स्वेटरची बटणं लावली, दासोमला निरोप सांग म्हणाली.

सुनावलं एकदाचं. आता बरं वाटायला पाहिजे.

३ मे

सकाळच्या बसने सोलला गेली. मुनसाहेबांनी सांगितलं. मला भेटली नाही. मानभावी.

१९ जून

स्टोव्हजवळच्या टेबलावर अजून कुणी बसत नाही. "चॅम्पियनची जागा आहे," म्हणतात. मी ते टेबल हलवून दाराजवळ नेलं. लोक दाराजवळच्या टेबलावरही बसेनात.

१७ ऑगस्ट

टीव्हीवर आलं. दुकान भरलेलं होतं. आधी तो डाव दाखवला, म्हणून मला वाटलं कुठली स्पर्धा असेल. मग खाली अक्षरं आली. जठराचा कर्करोग. वय त्रेपन्न.

सगळ्यांनी चमचे खाली ठेवले. दोडाल उभा राहिला आणि टीव्हीकडे बघून वाकला. मग तो डाव पुन्हा दाखवला. मग पुन्हा.

१८ ऑगस्ट

सोलला जाऊन आले. दासोम म्हणाली, "तू नाही गेलीस तर मी जाईन." म्हणून गेले.

रुग्णालयाच्या अंत्यविधी दालनात मंत्र्यांची, संघटनांची पुष्पचक्रं जिन्यापर्यंत ओळीने उभी. मध्ये पांढऱ्या शेवंतीत तिचा फोटो, तेविसाव्या वर्षाचा, पोशाखातला, गाल भरलेले. त्या फोटोला मी नीट ओळखते. त्याच्या आदल्या दिवशी मी तिचे केस कापले होते. दोनदा गुडघे टेकून वाकले.

सुतकात तिचा भाचा बसला होता, संगउ. तिला पोरबाळ नाही. मी नाव सांगताच त्याने माझे दोन्ही हात धरले.

"तुम्हीच ओकही मावशी! मार्चमध्ये डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा आत्या हटूनच बसली. मी दालपोला जाते म्हणाली, ओन्नीने माझ्यासाठी वरची खोली रिकामी करून ठेवलीय, खिडकीतून बंदर दिसतं. मी म्हटलं, तिकडे तुझं करणार कोण? तर म्हणाली, शिबिरात माझं सगळं तिनेच केलं, ती करेल. तो महिनाभर फोनवर इतकी आनंदात असायची! तुमच्या हातचं जेवते म्हणायची."

"तसं काही नाही," मी म्हटलं.

"परत आल्यावर म्हणाली, ओन्नीची मान फार दुखते, तिला माझा भार नको. मावशी, तुमचे उपकार..."

"तसं काही नाही. खरंच नाही."

आजूबाजूच्या लोकांनी माना डोलावल्या. माझ्या नम्रतेचं त्यांना कौतुक वाटलं. एक पत्रकार उभा होता, त्याने माझं नाव विचारून घेतलं.

जेवायला तिखट सूप वाढलं. मी भात इकडचा तिकडे केला.

२० ऑगस्ट

तिने मांस का सोडलं. टोपी का होती. वजन का नव्हतं.

मी ज्युदो खेळलेली बाई. समोरच्याचं वजन कुठे आहे हे हाताला कळायला पाहिजे, एवढं एकच शिक्षण माझं. ती माझ्या पाठीवर होती, आणि मला माझ्याच मांड्यांचं कौतुक.

१२ ऑक्टोबर

पुतळ्याचं अनावरण.

बँड, भाषणं, शाळेची पोरं. पडदा उतरला आणि लोकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. गिलने चांगलं केलंय. खाली यंगरान, तेविसाव्या वर्षाचा तिचा चेहरा, दात आवळलेले. वर उलटी होणारी बाई, तिचा चेहरा त्याने गुळगुळीत ठेवलाय, नाक नाही, डोळे नाहीत.

महापौर म्हणाले, "हे पाय बघा! पोटऱ्या बघा! असे पाय शंभर वर्षांतून एकदा जन्माला येतात आणि ते आपल्या दालपोत आले!" टाळ्या झाल्या.

या क्षणाची मी सहा महिने वाट बघितली होती. मनातल्या मनात खदाखदा हसायचं ठरवलं होतं. गिल गर्दीच्या कडेला उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी वर बघितलं. त्या बिनचेहऱ्याच्या बाईचं मनगट इतकं बारीक आहे की कुणाच्या लक्षात यायला हवं होतं. पण वरच्या बाईकडे कोण बघतं. मी तरी कुठे बघितलं.

४ नोव्हेंबर

मुनसाहेब वर्तमानपत्र घेऊन आले. 'सुवर्णकन्येचे अखेरचे दिवस : जुन्या मैत्रिणीच्या माडीवर.' संगउने सगळं सांगितलंय, शब्द न् शब्द, जसं तिने त्याला सांगितलं तसं.

"मावशी, एवढं मोठं काम केलंत आणि तोंडातून ब्र काढला नाहीत! आम्हाला वाटत होतं त्या लॉजवरच होत्या. लॉजवाला म्हणतो सामान तिथे होतं, पण दिवसभर तुमच्याकडेच असायच्या, हे तर सगळ्यांनीच बघितलंय. आता असं करू, ती खोली लोकांना बघायला खुली करू. पाटी आम्ही लावतो. पुतळा बघायला येणारी माणसं इथेही येतील."

दासोम काउंटरमागे उभी होती. तिला सगळं माहीत आहे. त्या दुपारी ती मागच्या दारात होती.

मी म्हटलं, "ती इथे राहिली नव्हती."

"तुमचा स्वभावच असा," मुनसाहेब म्हणाले.

ते गेल्यावर दासोम म्हणाली, "आई, नीट सांग त्यांना. स्पष्ट सांग."

"काय स्पष्ट सांगू? मरायला टेकलेली बाई खोली मागत होती आणि मी तिला कांद्याची पोती दाखवली, हे? आणि तिने भाच्याला जे सांगितलं ते खोटं होतं, हेही सांगू? तिच्या मरणानंतर तिला खोटी पाडू?"

"तू तिच्यासाठी गप्प बसतेयस की स्वतःसाठी?"

पोरीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नाही. मी कांदे खाली आणायला वर गेले.

२३ नोव्हेंबर

खोली धुतली. भिंतीला नवा कागद लावला. गादी, उशी, जाड रजई. पाण्याचा तांब्या खिडकीपाशी. मुनसाहेबांनी तिचा तरुणपणीचा मोठा फोटो पाठवला. दासोमने हात लावला नाही. पुढच्या महिन्यात चांगवनला नोकरी बघते म्हणाली.

६ डिसेंबर

आज दाएगूहून एक जोडपं आलं होतं, माझ्याच वयाचं. पुतळा बघून थेट इकडे. बाईने खोलीच्या दारातच चप्पल काढली आणि गादीकडे बघून डोळे पुसायला लागली. ती जिंकली त्या दिवशी म्हणे हिला मुलगी झाली. मुलीचं नावही यंगरानच ठेवलंय.

"इथेच निजायच्या का हो?"

"हो," मी म्हटलं.

"फार त्रास झाला का शेवटी?"

"नाही. झोप लागायची. सकाळी उठून खिडकीत बसायची, बोटी बघत."

"आणि जेवण?"

"दोन-दोन वाडगी."

बाईने माझा हात हातात घेतला. "तुम्ही होतात म्हणून हो."

मी हात तसाच राहू दिला. नवरा फोटो काढत होता. म्हणाला, जरा खिडकीकडे सरका, उजेड चांगला आहे. मी सरकले.

खाली आल्यावर त्यांनी दोन सूप-भात मागितले. मी मांसाचे चांगले तुकडे निवडून घातले. दोघांनी वाडगी चाटूनपुसून रिकामी केली.